एक लिटरची गाडी, ११ किलोमीटरची फेरी आणि १४ चं ॲव्हरेज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक लिटर इंजिनाची पेट्रोल हॅचबॅक, २०२२ ची, ३१ हजार रनिंग. धायरी ते शिवाजीनगर, रोज जाऊन-येऊन २२ किलोमीटर. कंपनी २४ सांगते, हातात पडतं १४. साताऱ्याला गेलात की १९-२० मिळतं. सर्व्हिस सेंटरने इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंगचे साडेतीन हजार सांगितलेत. करावं का?

आत्ता नका करू. तुमच्याच आकड्यांत उत्तर आहे. इंजेक्टर खरंच चोंदलेले असते तर साताऱ्याच्या रस्त्यावर ते आपोआप साफ झाले नसते. हायवेला २० देणारी गाडी शहरात १४ देते, तेव्हा बहुतेक वेळा गाडीत काही बिघडलेलं नसतं. पुण्यात २८ वर्षं गॅरेज चालवतोय, आठवड्याला दोन-तीन जण तरी हीच तक्रार घेऊन येतात. त्यांना मी एकच सांगतो, ॲव्हरेज गाडीचं नसतं, फेरीचं असतं.

आधी ते २४ कुठून आलं ते पाहू. हा आकडा ज्या संस्थेच्या नावाने ओळखला जातो ती एआरएआय, म्हणजे गाड्यांच्या चाचण्या घेणारी संस्था, आपल्या पुण्यातलीच, कोथरूडच्या वरच्या टेकडीवरची, १९६६ पासूनची. चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार ‘चालवतात’: इतके सेकंद उभी, इतक्या सेकंदांत इतका वेग, मग ब्रेक, परत उभी. एकूण ११८० सेकंद, म्हणजे २० मिनिटांना थोडं कमी. तेवढ्यात गाडी साधारण साडेदहा किलोमीटर जाते. वेग कधीही ९० च्या वर नाही, सरासरी ३२ च्या आसपास. एसी बंद. खड्डा नाही, चढ नाही, आडवी येणारी रिक्षा नाही.

आता तुमची फेरी बघा. अंतर जवळजवळ तेच, ११ किलोमीटर. पण तुम्हाला लागतात ४५-५० मिनिटं. म्हणजे सरासरी वेग १४. इंजिन अडीचपट वेळ चालू, एसी चालू, आणि त्यातली १७-१८ मिनिटं गाडी जागेवर उभी. कंपनी खोटं बोलत नाही. तिने दुसऱ्या फेरीचा आकडा दिलाय, एवढंच.

या ११ किलोमीटरला १४ च्या हिशेबाने साधारण पाऊण लिटरपेक्षा थोडं जास्त, ७८० मिली पेट्रोल जातं. ते कुठे जातं त्याचा अंदाजी हिशेब मांडतो.

उभ्या गाडीपासून सुरुवात करू. अशा तीन सिलिंडरच्या इंजिनाला स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावून बघितलं तर एसी बंद असताना नुसत्या आयडलिंगला तासाला अर्धा लिटर किंवा थोडं जास्त लागतं. एसी लावला की ८००-९०० मिलीवर जातं. १८ मिनिटं उभं राहिलात की अडीचशे मिली संपले. एकही मीटर न हलता. तुमच्या फेरीचं जवळजवळ एक तृतीयांश पेट्रोल हे असं जातं, आणि याला जगातला कुठलाही इंजेक्टर क्लीनर काही करू शकत नाही.

त्यानंतर ब्रेक. हे लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण ब्रेक मारताना पेट्रोल जाताना दिसत नाही. ते आधीच गेलेलं असतं. माणसांसकट हजार किलोची गाडी शून्यावरून ५० ला न्यायला, इंजिनाची अकार्यक्षमता धरून, साधारण १२ मिली पेट्रोल लागतं. चहाचे अडीच चमचे म्हणा. सिग्नलला ब्रेक मारलात की ते अडीच चमचे ब्रेक पॅडवर गरम होऊन हवेत गेले. तेच ३० पर्यंतच नेली असती तर चार-साडेचार मिलीत काम झालं असतं, कारण ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. सिंहगड रोडला असे पंचवीस-तीस वेळा थांबावं लागतं. त्यातल्या निम्म्या वेळा जरी समोर लाल दिवा दिसत असतानाही ५० गाठायचे आणि मग दाबायचा ब्रेक असं केलं, तर एका फेरीला दीडशे-दोनशे मिली सहज जातात.

टायर रस्त्यावर लोळवायला आणि हवा कापायला शहराच्या वेगात मिळून दोनशे मिलीच्या आसपास लागतं. ते कोणालाच चुकत नाही. उरलेलं थंड इंजिन, चालतानाचा एसी आणि खालच्या गिअरमध्ये ओढणं यांत.

थंड इंजिनाबद्दल थोडं. सकाळी इंजिन गरम होईपर्यंत कंप्युटर जास्त पेट्रोल सोडतो, आणि थंड ऑइल जड असतं. तुमच्या फेरीतले पहिले तीन-चार किलोमीटर यातच जातात, म्हणजे एक तृतीयांश अंतर. साताऱ्याच्या ११० किलोमीटरमध्ये तेच तीन-चार किलोमीटर नगण्य. म्हणून ज्यांची गाडी फक्त भाजी आणि शाळा एवढंच करते त्यांचं ॲव्हरेज ११-१२ वर येतं आणि ते घाबरून माझ्याकडे येतात. इंजिन उभ्याने पाच मिनिटं गरम करत बसण्याचाही उपयोग नाही. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० ला चोक ओढून थांबावं लागायचं, ती सवय आपल्या वडिलांकडून आपल्याकडे आली. आताच्या गाडीला वीस-तीस सेकंद पुरे, मग पहिले दोन किलोमीटर रेस न देता निघायचं.

पण हे सगळं बोलण्याआधी मी गिऱ्हाइकाला विचारतो, १४ मोजलं कसं? निम्म्या लोकांचं उत्तर असतं, ‘पाचशेचं टाकलं, काटा इथून इथे आला.’ हे मोजणं नव्हे. टाकी टू टाकी मोजा. त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं. ‘राउंड फिगर करू का’ म्हटलं तरी नाही म्हणायचं. ट्रिप मीटर शून्य करायचा. टाकी पाव उरेपर्यंत चालवायची, परत तशीच भरायची, किलोमीटर भागिले लिटर. असं तीनदा करून तिन्हींचे किलोमीटर आणि लिटर वेगवेगळे बेरीज करून मग भागायचं. दहा लिटर भरताना नोझल एक लिटर आधी बंद झाली तर उत्तरात दहा टक्के फरक पडतो. तीस लिटरमध्ये तोच फरक तीन टक्क्यांवर येतो. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या गाड्यांत तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा अर्धा-एक किलोमीटर गोडच असतो. तिथला सरासरी वेग मात्र जरूर बघा. तो १५ च्या खाली असेल तर ॲव्हरेजचं रडगाणं मला सांगू नका, महापालिकेला सांगा.

पंपावर संशय असेल तर पाच लिटरचं शिक्का मारलेलं माप मागा. ते पंपावर असावंच लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलीपर्यंतचा फरक नियमात बसतो. म्हणजे अर्धा टक्का. चौदाचे चोवीस तिथून होणार नाहीत.

टायर बदललेत का, हेही सांगा. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं, नवे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज घटलं म्हणून. गाडीला कंपनीचे १५५/८० आर १३ होते, दुकानदाराने ‘गाडी भरदार दिसेल’ म्हणून अलॉयसकट १७५/७० आर १४ बसवले. हिशेब करा: जुन्या चाकाचा व्यास ५७८ मिलिमीटर, नव्याचा ६००. चाक जवळजवळ चार टक्के मोठं झालं. मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०४ गेलेली असते. मीटरने मोजलेलं ॲव्हरेज तेवढं आपोआप कमी दिसणार, खरं पेट्रोल तेवढं वाढलेलं नसतानाही. रुंद आणि जड चाकामुळे थोडं खरंच वाढतं, पण त्याला दिसलेली निम्म्याहून जास्त घट कागदावरचीच होती.

आता गाडीत खरोखर दोष असतो तेव्हा काय असतं, त्याकडे. त्याची खूण साधी आहे. दोष असेल तर हायवेचं ॲव्हरेजही पडतं. शहरात १४ आणि हायवेलाही १४-१५, अशी गाडी माझ्याकडे आणा.

मला सगळ्यात जास्त सापडतो तो चिकटलेला ब्रेक. पावसाळ्यानंतर तर हमखास. पुढच्या कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना गंजतात, मागे हँडब्रेकची केबल परत सुटत नाही. गाडी चालते, चालवणाऱ्याला कळतही नाही, फक्त पाय उचलला की तिचा वेग लवकर मरतो. घरी करायची परीक्षा: दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवून, शेवटी ब्रेक न वापरता वेग कमी करत थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या. लगेच हात लावू नका, चटका बसेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर चोर सापडला. पिना काढून साफ करून योग्य ग्रीस लावायचं काम असतं, दोन-तीनशे रुपयांचं.

दुसरा माझा आवडता चोर म्हणजे थर्मोस्टॅट, इंजिन गरम होईपर्यंत कूलंटचं पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. एका शिक्षकांची गाडी होती, हायवेलाही १३. दोन ठिकाणी प्लग, एअर फिल्टर, फ्युएल पंप असं सगळं बदलून झालं होतं. मी चावी घेतली आणि नुसती एक चक्कर मारली. पंधरा मिनिटांनीसुद्धा थंड इंजिनाचा निळा दिवा विझेना. उघडून बघितलं तर थर्मोस्टॅट जागेवर नाहीच. कधीतरी गाडी गरम झाली असताना कुणा मिस्त्रीने काढून टाकला होता, ‘आपल्याकडच्या उन्हात लागत नाही’ म्हणून. झालं काय, इंजिन कधी पुरतं गरमच होईना. कंप्युटरला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो बिचारा दिवसभर सकाळसारखं पेट्रोल सोडत राहतो. हायवेला समोरून वारा लागून तर आणखीच थंड. काही शे रुपयांचा भाग बसवला आणि सर पुढच्या महिन्यात पेढे घेऊन आले. निळा दिवा पाच-सात मिनिटांत विझतो का, एवढं आजच बघा.

ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) खराब झाला तर बहुधा चेक इंजिनचा दिवा येतो. न येताही थोडी गडबड असू शकते, ती स्कॅनरवर कळते. ‘लाँग टर्म फ्युएल ट्रिम’ नावाचा आकडा असतो. कंप्युटर ठरलेल्या हिशेबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते तो सांगतो. शून्याच्या आसपास, अधिक-उणे पाच असेल तर पेट्रोलची व्यवस्था ठीक आहे. दहाच्या पुढे गेला तर शोधायला लागायचं. इंजेक्टर क्लीनिंग सुचवणाऱ्याला हाच आकडा दाखवायला सांगा. दाखवता आला नाही तर तो तुमचं इंजिन बघून सांगत नाहीये, महिन्याचं टार्गेट बघून सांगतोय.

एअर फिल्टरबद्दल लोकांना खरं वाटत नाही म्हणून सांगतो. मळका फिल्टर कार्ब्युरेटरच्या गाडीत ॲव्हरेज खायचा. इंजेक्शनच्या गाडीत कंप्युटर येणाऱ्या हवेच्या मापानेच पेट्रोल देतो, त्यामुळे पिकअप कमी होतो, ॲव्हरेज फारसं नाही. अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेने हे तपासून बघितलंय. फिल्टर वेळेवर बदलाच, पण त्यातून दोन किलोमीटर वाढतील ही आशा नको.

हवेच्या दाबाचंही तसंच. टायरमध्ये हवा कमी असेल तर ॲव्हरेज जातं हे खरं, पण चारही चाकांत एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) कमी झाला तर साधारण ०.२ टक्का. आठ पीएसआय कमी असले तरी दीड-दोन टक्के. म्हणजे तुमच्या १४ मधले दोन-तीनशे मीटर. हवा भरा ती टायर लवकर झिजू नये आणि हायवेला फुटू नये म्हणून. दाब किती, ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पंपावरच्या पोऱ्याच्या मनावर नसतं. नायट्रोजनने ॲव्हरेज वाढत नाही.

ऑइल मात्र बघून टाका. आताच्या छोट्या इंजिनांना पातळ ऑइल लागतं. पुस्तकात जो ग्रेड आहे तोच. ‘जाड ऑइल इंजिनाला चांगलं’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणारे अजून आहेत, त्यात सकाळची फेरी आणखी महाग होते.

ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण शेजारी विचारणारच. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत २० टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्के कमी पडते, आणि १० टक्के मिश्रण आधीपासून वापरत होतो त्याच्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या चारचाकींसाठी ६-७ टक्के घट आणि ई२० साठी ट्यून केलेल्या गाड्यांसाठी १-२ टक्के असे अंदाज आहेत. तुमची गाडी २०२२ ची. तुमच्या १४ मध्ये त्याचा वाटा अर्धा किलोमीटर धरा, फार तर. महाग प्रीमियम पेट्रोल भरून तो परत येत नाही, साध्या पेट्रोलवर ट्यून झालेल्या इंजिनाला जास्त ऑक्टेनचं करायचं काय? पेट्रोलच्या नळीला लावायची चुंबकं आणि स्टिअरिंगखाली खोचायचे लुकलुकणारे डबे याबद्दल मी लिहीत नाही, बीपी वाढतं.

हायवेला तुम्हाला २० मिळतं ते २२ करायचं असेल तर उजवा पाय हलका करा, दुसरा उपाय नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० ऐवजी १०० ने गेलात तर तो ५६ टक्के जास्त. समृद्धीवर १२० ची मुभा आहे म्हणून छोटी उंच हॅचबॅक १२० ने नागपूरला नेणारे परत येऊन म्हणतात, १५ च पडलं. पडणारच. टपावर कॅरिअर असेल आणि वापरात नसेल तर काढून ठेवा.

घाटाची एक गंमत. मुंबईहून पुण्याला येताना गाडी साडेपाचशे मीटर वर चढते. चार माणसं आणि सामान धरून ११०० किलो वजन तेवढं उचलायला अर्धा ते पाऊण लिटर पेट्रोल जास्त लागतं. दीडशे किलोमीटरच्या प्रवासात त्याने एक-दीड किलोमीटरचा फरक पडतो. म्हणून ‘येताना १८, जाताना २२, गाडीत काहीतरी गडबड आहे’ असं म्हणणाऱ्या ठाणेकरांना मी चहा पाजून परत पाठवतो. घाटाचा हिशेब जाऊन-येऊनच करायचा.

आणि उतारावर न्यूट्रल करू नका. खंबाटकी घाटात अजून दिसतात करणारे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढला की आताची गाडी इंजेक्टर बंद करते, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला उलट आयडलिंगचं पेट्रोल द्यावं लागतं, आणि इंजिनाचा ब्रेक जातो तो वेगळाच. शहरातही हेच वापरा. पुढे लाल दिसला की लांबूनच पाय काढा, गिअरमध्येच लोळत या. सिग्नलपर्यंतचे शंभर मीटर फुकट होतात आणि बऱ्याचदा तोवर हिरवा पडतो. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

तुमच्या फेरीत खरी कमाई सिग्नलला इंजिन बंद करण्यात आहे. १८ पैकी नऊ मिनिटं जरी बंद ठेवलं तर एका फेरीला सव्वाशे मिली, महिन्याच्या २४ दिवसांचे सहा लिटर. १४ चे साडेसोळा होतात. आकडे दिसणारा सिग्नल ३० च्या वर असेल तर बंद करायचं, पाच उरले की सुरू. बॅटरी जुनी असेल तर मात्र या भानगडीत पडू नका. मे महिन्यात एसी बंद करून सिग्नलला कोण बसतं म्हणाल तर मीही बसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी करतो.

त्यापेक्षा सोपं म्हणजे घरून लवकर निघणं. माझ्या एका गिऱ्हाइकाने मुलाच्या शाळेमुळे निघायची वेळ सव्वानऊवरून सव्वाआठ केली. तीच गाडी, तोच रस्ता, टाकी टू टाकी १३.८ वरून १६.५. काहीही न बदलता.

तर असं करा. आज निळा दिवा आणि चाकांची उष्णता बघा. फुकटची कामं आहेत. पुढच्या तीन टाक्या लिहून ठेवा. १४ चे १६ झाले तर तुमच्या रोजच्या रनिंगला महिन्याला साधारण पावणेपाच लिटर वाचतील, म्हणजे पाचशे रुपयांच्या आत-बाहेर. साडेतीन हजारांची क्लीनिंग त्या हिशेबात कुठे बसते ते तुम्हीच बघा. तीन टाक्यांनंतर हायवेचं ॲव्हरेज १७ च्या खाली आलं, किंवा ट्रिम दहाच्या वर निघाला, तर मात्र इंजेक्टर उघडू. तेव्हा येताना बिलं आणि लिहिलेले आकडे दोन्ही आणा.